पत्रिकेत 'निर्व्यसनी', हळदीला 'सोय': हा हिशेब कुणी मांडून देईल का?

नवीपेठकर

लग्नाच्या बैठकीत आपल्याकडे दोन वाक्यं हमखास ऐकू येतात. एक मोठ्या आवाजात, "मुलगा अगदी निर्व्यसनी आहे." दुसरं पानसुपारीच्या वेळी, जरा बाजूला घेऊन, "हळदीच्या रात्री शेतावर पाव्हण्यांची सोय काय?" सोय म्हणजे काय हे विचारायचं नसतं. केली नाही तर माणूस चिक्कू ठरतो, केली तर 'दारू पाजून लग्न लावलं' म्हणून वर्षभर बोलणी खातो.

मला समाजाला शिव्या द्यायच्या नाहीत, त्या देऊन झाल्यात. मला माहिती हवी आहे. ही 'सोय' कायद्यात बसते का? देशी, इंग्लिश, बियर, वाईन, शिंदी (शिंदीच्या झाडाचा आंबलेला रस) यांत आपण जी उतरंड लावतो तिला काही आधार आहे का? आणि याच माणसाला 'पितो' आणि त्या माणसाला 'घेतो' का म्हणायचं? एकच विनंती, "आमचे एक मामा होते" छापाच्या आठवणी नकोत. मागचा धागा मामांनीच बुडवला होता.

कडकभाकरी

मामा बुडाले न्हाईत बे, तरंगत होते.

परवाना_क्रमांक

आधी कायदा. महाराष्ट्रात दारूबंदी आहे. हसू नका, कायद्याचं नावच ते आहे: मुंबई दारूबंदी अधिनियम, १९४९. आता 'मुंबई' जाऊन 'महाराष्ट्र' आलं, 'दारूबंदी' तशीच राहिली. या कायद्यात पिणं हा मुळात गुन्हा आहे आणि परवाना हा त्याला अपवाद. म्हणून तर बारच्या पाटीवर 'परमिट रूम' लिहिलेलं असतं. परमिट आहे त्यानेच त्या खोलीत बसायचं, असा त्याचा सरळ अर्थ.

परमिट एक दिवसाचं, एक वर्षाचं आणि आजन्म अशा तीन प्रकारांत मिळतं. विदेशी मद्याचं एक दिवसाचं ५ रुपये, देशीचं २ रुपये, वर्षाचं १०० आणि आजन्म १,००० रुपये. बियर आणि वाईनसाठी वय २१ पूर्ण, बाकी सगळ्यासाठी २५. म्हणजे २२ वर्षांचा मुलगा कायद्याने लग्न करू शकतो, आमदारकीला मत देऊ शकतो, बियर पिऊ शकतो, पण स्वतःच्या लग्नात व्हिस्कीला हात लावू शकत नाही.

एक दिवसाच्या परमिटचं पुस्तक दुकानात असतं. गिऱ्हाईक ते मागत नाही आणि दुकानदार विचारत नाही. पुस्तक मात्र भरलेलं असतं. कुणाच्या नावाने, हे उघड गुपित आहे.

आता गंमत बघा. संविधानाचं ४७ वं कलम राज्याला दारूबंदीच्या दिशेने जायला सांगतं. त्याच संविधानाच्या सातव्या अनुसूचीत राज्याला दारूवर कर बसवायचा अधिकार दिला आहे. जीएसटी आला तेव्हा पिण्याचं मद्य त्यातून बाहेर ठेवलं, कारण कुठल्याच राज्याला ही गाय दुसऱ्याच्या दावणीला बांधायची नव्हती. तेव्हा नवीपेठकर, दुटप्पीपणाची तक्रार पाव्हण्यांवरच नको. पाव्हण्यांनी तो वरून घेतलाय.

हिशेबनीस

त्यात एक भर. परवान्याशिवाय प्यायल्याच्या खटल्यात रक्तात ०.०५ टक्के, म्हणजे १०० मिलिलिटरला ५० मिलिग्रॅम मद्यार्क निघाला की 'हे औषधातून आलं' वगैरे सिद्ध करायचं ओझं आरोपीवर येतं. गाडी चालवताना मात्र मर्यादा १०० मिलिलिटरला ३० मिलिग्रॅम. एकाच माणसाच्या एकाच रक्ताला दोन कायदे, दोन पट्ट्या.

कडकभाकरी

म्हंजे ४० वाला माणूस घरी बसला तर सुटला, गाडीवर बसला तर गेला?

हिशेबनीस

घरी बसला तर ते ओझं त्याच्यावर येत नाही इतकंच, सुटला असं नाही. पण गाडीवर गेलाच. मोटार वाहन कायद्याचं १८५ कलम, २०१९ च्या दुरुस्तीनंतर पहिल्या वेळी १०,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही.

आणि 'एका पेगने काय होतंय' याचाही हिशेब मांडून टाकतो, कारण उतरंडीचा प्रश्न त्यातच आहे. सूत्र सोपं: मिलिलिटर गुणिले टक्केवारी गुणिले ०.७९, आलं शुद्ध मद्यार्काचं वजन ग्रॅममध्ये.

व्हिस्की-रम ४२.८ टक्के, ६० मिलीचा लार्ज: २० ग्रॅम.
साधी बियर ५ टक्के, ६५० मिलीची बाटली: साडेपंचवीस ग्रॅम.
स्ट्राँग बियर ८ टक्के, तीच बाटली: ४१ ग्रॅम.
वाईन १३ टक्के, १५० मिली: साडेपंधरा ग्रॅम.
देशीची क्वार्टर १८० मिली, ४२.८ टक्के: ६१ ग्रॅम.

म्हणजे "मी दारू पीत नाही, फक्त बियर" असं म्हणणाऱ्याने एक स्ट्राँग संपवली की दोन लार्ज झाले. सोलापूरच्या एप्रिल-मेच्या उन्हात बियरला 'थंड' म्हणून सरबताच्या रांगेत बसवतात, ते बाटलीवरची बारीक अक्षरं न वाचल्यामुळे. शिवाय दारू लघवी वाढवते. बेचाळीस डिग्रीत अंगातलं पाणी आणखी जातं, गारवा फक्त घशापुरता.

७० किलोच्या पुरुषाने रिकाम्या पोटी एक लार्ज पटकन घेतला तर रक्तात चाळीसच्या आसपास जातो. तासाला साधारण १५ उतरतो. म्हणजे एका लार्जनंतर तासभर थांबला तरी जेमतेम तिसाच्या काठावर. स्ट्राँग बियरने ८५ च्या पुढे, ३० वर यायला पावणेचार तास. लिंबूपाणी, ताक, थंड पाण्याची आंघोळ, बडीशेप यांनी वास आणि झोप कमी होते, आकडा नाही. बाईच्या अंगात पाण्याचं प्रमाण कमी असल्याने त्याच पेगला आकडा वर जातो.

मळीतला_माणूस

देशी आणि इंग्लिशच्या उतरंडीबद्दल बोलायला आमच्या जिल्ह्याइतका हक्क कुणालाच नाही, कारण दोन्हींची आई आपल्या शेतात उभी असते.

एक टन उसातून साखर काढून झाली की शेवटी ४० ते ४५ किलो काळी मळी उरते. यीस्ट टाकून ती आंबवायची, मग ऊर्ध्वपातन. एक टन उसामागे दहा लिटरच्या घरात मद्यार्क मिळतो. तोच पुढे जास्त शुद्ध केला, फ्युजेल तेलं आणि अल्डिहाइड ही नकोशी द्रव्यं काढून टाकली, की ९६ टक्क्यांचं ईएनए, म्हणजे वास-चव नसलेला मद्यार्क. त्यात पाणी घालून ४२.८ वर आणला की दहा लिटरचे साधारण साडेबावीस लिटर होतात. क्वार्टरमध्ये मोजलं तर सव्वाशेला एखादी कमी. एका टन उसाच्या सव्वाशे क्वार्टर! बैलगाडीकडे यापुढे जरा आदराने बघा.

४२.८ हा विचित्र आकडा कुठून आला, हे नेहमी विचारतात. इंग्रजांच्या मोजणीत १०० प्रूफ म्हणजे ५७.१ टक्के. त्याच्या खाली २५ अंश, म्हणजे ७५ प्रूफ. ५७.१ चे पाऊण टक्के... चुकलं, पाऊण पट, ४२.८. लेबलावर '२५ यू.पी.' लिहिलेलं असतं ते हेच. देशी संत्र्याच्या लेबलावर आणि चकचकीत खोक्यातल्या रमच्या लेबलावर तोच आकडा आहे, बघून घ्या.

मग फरक कशात? मद्यार्क किती घासून घेतला त्यात, नंतर घातलेल्या चवीत (संत्र्याचं इसेन्स एकीकडे, थोडं माल्ट किंवा कॅरमल दुसरीकडे), बाटलीत आणि सगळ्यात जास्त करात. आपल्याकडच्या स्वस्त व्हिस्कीचा पाया बहुतेक मळीचाच असतो, जगात इतरत्र याला रमचा चुलतभाऊ म्हणतील. जून २०२५ मध्ये राज्याने दर वाढवले तेव्हा १८० मिलीची किमान किंमत देशीला ८० रुपये, इंग्लिशला २०५, आणि मधे धान्यापासूनची 'महाराष्ट्र मेड लिकर' नावाची नवी जात काढली, तिला १४८. सरकारने उतरंडीला एक पायरीच वाढवून दिली. देशीवरचं शुल्क प्रूफ लिटरला, म्हणजे १०० प्रूफच्या एका लिटरला, १८० चं २०५ केलं. एका क्वार्टरमध्ये ०.१३५ प्रूफ लिटर असतं, म्हणजे ८० च्या बाटलीत पावणेअठ्ठावीस रुपये नुसतं शुल्क.

तेव्हा 'देशी पिणारा बेवडा आणि इंग्लिश घेणारा शौकीन' हा भेद काचेच्या आतल्या द्रवात नाही. आता बरीचशी मळी आणि उसाचा रस पेट्रोलमध्ये मिसळायच्या इथेनॉलला जातो. त्यामुळे सध्या आपल्या जिल्ह्यात सर्वात जास्त 'घेऊन' रस्त्याने फिरतात त्या मोटारसायकली.

शेंगाचटणी

पितो आणि घेतो याचं व्याकरण मी सांगते. क्रियापद पगारावर ठरतं.
हमाल, विडी कारखान्यातला, यंत्रमागावरचा: 'पितो'.
बँकेतला: 'कधीमधी घेतो'.
त्याच्या वरचा: 'सोशली घेतात', इथे आदरार्थी अनेकवचन लागलं.
कंत्राटदार: 'बसतात'.
मंडळाचे कार्यकर्ते विसर्जनानंतर: 'श्रमपरिहार'. हा शब्द ज्याने काढला त्याला साष्टांग नमस्कार.
बाई: इथे क्रियापदच नाही. थेट आडनाव विचारतात.

बाळीवेस

ताई, शेवटच्या ओळीला माझा थोडा आक्षेप. शहरातल्या पांढरपेशा वस्तीत ते खरं आहे. पण कष्टकरी वस्त्यांत जत्रेला म्हाताऱ्या बायका घोटभर शिंदी घेत आणि त्यावर कुणी भुवई उंचावत नसे. 'आपल्या संस्कृतीत बायका पीत नाहीत' यातला 'आपल्या' कुठल्या पेठेचा, ते आधी ठरवायला हवं.

हिशेबनीस

आकडा हवा असेल तर पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशभरातले १५ वर्षांवरचे १८.८ टक्के पुरुष आणि १.३ टक्के स्त्रिया पितात, असं आलं. अर्थात प्रश्न घरी येऊन विचारतात. शेजारच्या खोलीत सासू असताना किती जणी हो म्हणतील? पण पुरुषांचा आकडाही बघा. पाचातला एकसुद्धा पुरा होत नाही. 'हल्ली सगळेच घेतात' हे वाक्य पाचातले चार न घेणारे मुकाट ऐकून घेतात, हाही एक विरोधाभासच.

कन्ना_चौक

शिंदीचा विषय निघालाच आहे तर.

शिंदीच्या झाडाला खाच पाडून मडकं बांधतात. पहाटे उतरवलेला रस गोड, ती नीरा. हवेतलं यीस्ट त्यात मडक्यातच शिरतं. म्हणून मडक्याला आतून चुना लावतात, आंबणं लांबतं. चुना नसेल तर दुपारपर्यंत फेस, संध्याकाळी चार-पाच टक्के, म्हणजे साध्या बियरएवढी. दुसऱ्या दिवशी आंबट ढोण, तिसऱ्या दिवशी व्हिनेगर. इतकं नाजूक पेय आहे. लांब नेता येत नाही, साठवता येत नाही.

आता गणित करा. शहराच्या आसपास शिंदीची झाडं किती उरलीत आणि विकली जाणारी शिंदी किती? झाडं मोजा आणि हंडे मोजा. दोन्हींतल्या फरकाला क्लोरल हायड्रेट म्हणतात. ही झोपेची रासायनिक पावडर. पाणी, सॅकरिन, पांढरेपणासाठी काहीतरी आणि ही पावडर. झाडाचा संबंध नाही. तेलंगणात हेच अल्प्राझोलम आणि डायझेपाम घालून होतं, आणि तिथे विक्री अचानक बंद पडली की दवाखान्यांत रांगा लागतात: झटके, भास, मान वाकडी होणं. ही दारूची तल्लफ नसते, गोळ्यांची असते.

ओळखायची खूण: खरी शिंदी दिवसभरात चव बदलते. सकाळी आणि रात्री एकच चव असेल आणि दोन ग्लासांत माणूस गप्प होऊन झोपत असेल तर ती शिंदी नाही. दारूने माणूस आधी बडबडतो.

कडकभाकरी

अण्णा, शेवटचं वाक्य दगडावर कोरून चौकात लावा.

हुतात्मा_वाचक

शिंदीच्या झाडांचा सोलापूरशी एक संबंध आपण पुतळ्याला हार घालताना विसरतो. मे १९३० मध्ये गांधीजींच्या अटकेनंतर शहर पेटलं होतं. ८ मे रोजी जमाव रूपाभवानी मंदिराच्या बाजूला शिंदीची झाडं तोडायला गेला. पोलीस आले, अटका झाल्या, गोळीबार झाला आणि शंकर शिवदारे हा तरुण गेला. मग मंगळवार पेठेची पोलीस चौकी आणि कोर्ट जळालं, इंग्रज अधिकारी शहर सोडून गेले आणि १२ मे रोजी मार्शल लॉ आला. पुढे १२ जानेवारी १९३१ ला येरवड्यात मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे आणि कुर्बान हुसेन यांना फाशी झाली. चार हुतात्म्यांच्या गोष्टीच्या सुरुवातीला शिंदीचं झाड उभं आहे.

बाळीवेस

बरोबर, पण यावरून 'सोलापूर दारूविरोधी शहर' असा निष्कर्ष काढू नका. झाड छेदायला परवाना लागत होता आणि त्याचा पैसा सरकारच्या तिजोरीत जात होता. झाड तोडणं हा तिजोरीवरचा घाव होता, जंगल सत्याग्रहासारखाच. आणि शिंदी हे गिरणीकामगाराचं स्वस्त पेय. युरोपियन क्लबातली व्हिस्की तोडायला कुणी कुऱ्हाड घेऊन गेलं नव्हतं.

हुतात्मा_वाचक

क्लबात झाड नव्हतं. पण मुद्दा पूर्ण मान्य नाही. तिजोरीवरचा घाव आणि दारूबंदी या गोष्टी तेव्हाच्या कार्यकर्त्यांच्या डोक्यात वेगळ्या नव्हत्या, दुकानांवर निदर्शनं दोन्हींसाठी होती. वेगळ्या झाल्या त्या नंतर, तिजोरी आपली झाल्यावर.

परवाना_क्रमांक

हे शेवटचं वाक्य माझ्या पहिल्या प्रतिसादाला जोडून वाचावं.

माळकरी_पंढरपूर

जिल्ह्याचा दुसरा चेहरा कुणीच मांडला नाही. गळ्यात तुळशीची माळ घातली की मद्य-मांस बंद, यात पळवाट नाही. आषाढी आणि कार्तिकी एकादशीला राज्यभर दुकानं बंद असतात. पण त्याच आषाढाला आपल्याकडे 'आखाड' म्हणतात आणि आखाड म्हणजे बोकड, मरीआईचा नैवेद्य आणि बाटली. एकादशीला टाळ, आणि तीन आठवड्यांच्या आत दिव्याच्या अवसेला लोकांनी 'गटारी' करून टाकली. पुन्हा दुसऱ्या दिवशी श्रावण, सगळे सोवळे. म्हणजे एकाच महिन्यात तीन वेगळे समाज राहतात आणि तिघांची आधारकार्डं एकच.

बिनबुडाचा_तांब्या

मरीआईला नैवेद्य म्हणून दाखवलेली बाटली प्रसाद होते ना? मग प्रसादाला परमिट लागतं का?

परवाना_क्रमांक

लागतं. बाटली देवीला चालते की नाही हे कायदा विचारत नाही, ती बाळगणाऱ्याला विचारतो.

बिनबुडाचा_तांब्या

आणि बारला देवाचं नाव?

परवाना_क्रमांक

दारूची दुकानं आणि बार यांना देवदेवता, महापुरुष, गडकिल्ले यांची नावं द्यायला राज्याने मनाई केली आहे. मालकांनी नावाची आद्याक्षरं ठेवून पाटी वाचवली. श्रद्धा संक्षेपात राहिली.

डॉ_सातरस्ता

श्रावणाचा उल्लेख आला म्हणून लिहितो, कारण इथे नुसता दुटप्पीपणा नाही, जीव जातो.

'तो श्रावणभर शिवत नाही, म्हणजे त्याला व्यसन नाही' हा आपल्याकडचा पुरावा. महिनाभर सहज थांबता येणं चांगलंच. पण जो रोज सकाळी उठल्या उठल्या घेतो, ज्याचे हात घेतल्याशिवाय थरथरतात, त्याला घरच्यांनी देवासमोर शपथ घालून एका दिवसात बंद करायला लावलं तर पुढचं वेळापत्रक ठरलेलं आहे. ६ ते २४ तासांत कंप, घाम, उलट्या, झोप नाही. ६ ते ४८ तासांत फिट येऊ शकते. ४८ ते ७२ तासांत काहींना डिलिरियम: वेळ-जागा कळत नाही, अंगावर किडे दिसतात, ताप, नाडी पळते. घरचे याला 'बाहेरचं' समजून देवऋषाकडे नेतात. उपचार नसेल तर यात माणूस दगावतो. दारू चालू असताना दुर्लक्ष आणि बंद केल्यावर कौतुक; पण डॉक्टरची खरी गरज दुसऱ्या दिवशी असते.

असा माणूस थांबणार असेल तर दवाखान्यात किंवा डॉक्टरच्या देखरेखीत. क्लोरडायझेपॉक्साइड किंवा लोराझेपामसारखी औषधं आठवडाभरात कमी करत नेतात. बी-१, म्हणजे थायमिन, आधी द्यायचं आणि सलाईनमधलं ग्लुकोज नंतर. उलटं केलं तर मेंदूला कायमची इजा होऊ शकते. 'अशक्त झालाय, दोन बाटल्या ग्लुकोज लावा' हा हट्ट गल्लीतल्या दवाखान्यात धरू नका.

दुसरं: 'रुग्णाच्या नकळत दारू सोडवा' अशा जाहिराती भिंतींवर असतात. त्या पुडीत बरेचदा डायसल्फिराम असतं. ते पोटात असताना दारू गेली की चेहरा लाल, धडधड, उलट्या, रक्तदाब कोसळतो. शेवटच्या गोळीनंतर दोन आठवड्यांपर्यंत हा परिणाम राहू शकतो. हृदयाचा आजार असेल तर मृत्यू. हे औषध रुग्णाला सांगून, त्याच्या संमतीनेच द्यायचं असतं. आमटीत मिसळून नव्हे. बायकोने हे का केलं ते समजतं. विकणाऱ्याला माफी नाही.

पुण्याचं मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र १९८६ पासून आहे, अल्कोहोलिक्स अनॉनिमस या दारू सोडणाऱ्यांच्या गटाच्या सभा फुकट असतात, केंद्र सरकारची हेल्पलाईन १४४४६. यात लाज वाटण्यासारखं काही नाही. पण गंमत अशी की पाव्हण्यांसमोर पिण्यापेक्षा सोडायला गेल्याचं लपवणारे जास्त.

मळीतला_माणूस

डॉक्टर, मिथेनॉलचंही सांगा, हातभट्टीच्या नावावर सगळं खपतं.

डॉ_सातरस्ता

थोडक्यात. विषारी दारूचे मोठे बळी, मुंबईत २००४ ला विक्रोळी आणि २०१५ ला मालवणी, हे कारखान्यातलं मिथेनॉल मिसळल्याने. गूळ आंबवून ते जीवघेण्या प्रमाणात तयार होत नाही, ते बाहेरून येतं. धोका असा की सुरुवातीला ते साध्या नशेसारखंच वाटतं. अंगात त्याचं फॉर्मिक आम्ल व्हायला बारा ते चोवीस तास जातात. मग पोटदुखी, धाप आणि डोळ्यांपुढे धुकं. दुसऱ्या दिवशी 'दिसेना' म्हणाला की झोपू द्यायचं नाही, थेट सिव्हिल. सोबत बसलेल्या सगळ्यांना, ठणठणीत वाटत असले तरी.

मळीतला_माणूस

आणि हातभट्टीत नवसागर असतो, तो धातूची भांडी खातो. गाडीचं जुनं रेडिएटर थंड करायला वापरलं तर झाळणीतलं शिसं उतरतं. छाप्यात 'गूळमिश्रित रसायन' ओतून देतात, आठवड्यात पुन्हा पिंप भरतं, कारण भांडवल कमी. २०२१ मध्ये तेजस्वी सातपुते पोलीस अधीक्षक असताना ग्रामीण पोलिसांनी 'ऑपरेशन परिवर्तन' केलं, त्यात छाप्याबरोबर तांड्यांवरच्या हातभट्टी गाळणाऱ्या कुटुंबांना दुसरा रोजगार द्यायचा प्रयत्न होता. ती दिशा बरोबर. याच जिल्ह्यात माळशिरस तालुक्यात द्राक्षमळा बघायला पुण्या-मुंबईहून गाड्या येतात आणि ग्लास फिरवून वाईन चाखतात. आंबवणं तेच. एका ठिकाणी पर्यटन, दुसऱ्या ठिकाणी पंचनामा. तांड्यावरच्या माणसाला हा फरक समजावून सांगायला कोण जाणार?

कन्ना_चौक

पर्यटनात शिसं नसतं, एवढा फरक आहे.

मळीतला_माणूस

मान्य. तपासणी आहे, कर आहे. पण तिटकारा शिशामुळे नाही, गावामुळे आहे, एवढंच म्हणायचं होतं.

आडवी_बाटली

सगळे पुरुष हिशेबात रमलेत, म्हणून बायकांच्या हातातलं एकमेव गणित सांगते. गावातलं परवानाधारक दुकान बंद करायचं असेल तर २००८ च्या आदेशाप्रमाणे गावातल्या किमान २५ टक्के महिला मतदारांनी सह्यांचं निवेदन द्यायचं. सह्यांची पडताळणी होते, मग गुप्त मतदान. चिठ्ठीवर दोन चित्रं: उभी बाटली म्हणजे दुकान चालू, आडवी म्हणजे बंद.

मेख इथे आहे: आडवी जिंकायला झालेल्या मतदानाच्या नाही, *एकूण* महिला मतदारांच्या निम्म्याहून जास्त मतं लागतात. गावात १,२०० बायका यादीत असतील तर ३०० सह्या आणि ६०१ आडव्या. घरी बसलेली प्रत्येक बाई उभ्या बाटलीला मत देते. म्हणून सह्या गोळा करायच्या आधी मतदार यादी साफ करा: वारलेल्या, लग्न होऊन गेलेल्या, दुबार नावं काढायला लावा. मतदान ऊसतोडीच्या हंगामात पडू देऊ नका, मजूर बायका फडावर असतात. पडताळणीला ओळखपत्र घेऊन प्रत्यक्ष यावं लागतं, तेव्हा रोजगार बुडतो. ती तारीख आठवडी बाजाराच्या दिवशी मागा. मतदानाच्या आदल्या रात्री गावात फुकट मटण शिजलं तर समजा सर्वेक्षण तुमच्या बाजूचं आहे.

आणि दुकान बंद झाल्यावर पिशवीतून विक्री सुरू होते, हे खरं. म्हणून आडवी करू नये, असं म्हणणाऱ्यांनी आपल्या दारासमोर दुकान मागून दाखवावं.

बाळीवेस

ताई, पण जिल्हे बंद करून काय झालं? गडचिरोली १९९३ पासून बंद आहे. चंद्रपूर २०१५ ला बंद केलं आणि २०२१ ला उघडलं.

आडवी_बाटली

जिल्हा बंद करणं मंत्रालयातून होतं. गाव बंद करणं गावातून होतं. दोन्हीला एकच माप लावू नका, दादा. चंद्रपूर उघडताना तिथल्या बायकांची चिठ्ठी घेतली होती का?

नवीपेठकर

धागा माझ्या अपेक्षेपेक्षा बराच खोल गेला. पण हळदीच्या रात्रीचं राहिलंच. परवाना_क्रमांक काका, सोय कायद्यात बसते का?

परवाना_क्रमांक

बसते, मार्ग आहे. राज्य उत्पादन शुल्क विभागाकडून एका कार्यक्रमापुरता तात्पुरता परवाना मिळतो, एफएल-४ अ म्हणतात. अर्जदाराचं नाव, जागा, तारीख, वेळ द्यायची, जागामालकाची संमती जोडायची, शुल्क भरायचं. माल राज्यातल्या परवानाधारक दुकानातूनच घ्यायचा आणि बिलं जागेवर ठेवायची. कोरड्या दिवशी (ड्राय डे) किंवा मतदान संपण्याआधीच्या ४८ तासांत काही चालत नाही. पिणाऱ्याचं परमिट आणि वयाची अट तिथेही लागूच.

नेमकं चुकतं कुठे: एक, गोव्याहून किंवा विजापूरकडून 'स्वस्तात' आणलेल्या पेट्या. लेबलावर त्या राज्यातच विक्रीसाठी असं छापलेलं असतं, इथे सापडली की माल आणि गाडी दोन्ही जप्त. दोन, 'मिलिटरीचा माल'. लग्नात याला फार मान, पण कँटीनची बाटली दुसऱ्याला द्यायला नसते. तीन, शेतावरची जागा नको म्हणून ढाब्यावर स्वतःच्या बाटल्या घेऊन बसणं. ढाब्याला परवाना नसेल तर मालकावर ६८ कलम आणि बसलेल्या प्रत्येकावर ८४. 'बाटली आमचीच होती' हा बचाव होत नाही, उलट कबुली होते.

हिशेबनीस

आणि शेतावरून शहरात परतणाऱ्या गाड्यांसाठी चालक आधीच ठरवा, न पिणारा. अपघातानंतर दवाखान्याच्या कागदावर 'दारूचा वास' एवढे शब्द आले तरी विम्याचा दावा अडकतो. सोयीच्या खर्चात दोन जीपचं भाडं धरा, एकूण बिलात ते शेंगदाण्यांएवढंच असतं.

शेंगाचटणी

कागदाचं नाव ऐकून एक प्रश्न. तो एफएल-४ अ चा अर्ज मुलाकडच्यांच्या नावाने करायचा की मुलीकडच्यांच्या?

परवाना_क्रमांक

यजमानाच्या. कार्यक्रम जो ठेवतो त्याच्या. त्याचं नाव, पत्ता, सही.

शेंगाचटणी

म्हणजे 'निर्व्यसनी' घराण्यातल्या कुणीतरी सरकारी कागदावर सही करून सांगायचं, की पाजणारे आम्ही. मिळाला मार्ग. वापरणार कोण?

कडकभाकरी

बैठकीत देण्याघेण्याच्या यादीत शेवटची ओळ घाला की: 'अर्जावर सही, मामाची.'

नवीपेठकर

मामा नकोत म्हणालो होतो ना!